अडलेल्याजवळ बसायचं

सायकलच्या दुकानावरच्या माडीवर फिटरमावशीचा वर्ग भरायचा. शाळा सुटली की वस्तीतली पोरं दप्तरासकट तिथे हजर. मावशीने तीस वर्षं कारखान्यात लोखंड घासलं होतं, आणि तिची जीभही कानशीसारखीच होती. गणित असो की हातकाम, तिचा नियम एकच, भिंतीवर खडूने लिहिलेला: आपलं झालं की उठायचं आणि अडलेल्याजवळ बसायचं. उत्तर सांगायचं नाही, फक्त विचारायचं. जो उत्तर सांगेल त्याच्या हाती आठवडाभर झाडू!

या नियमानेच भिंगरीचा घात केला. ही पोरगी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून नाव भिंगरी. तंत्रशाळेची प्रवेशपरीक्षा होती, जागा अवघ्या वीस. आईने आधीच बजावलं होतं, "यंदा नंबर लागला तर शिक. नाहीतर चल माझ्यासोबत शिवणाच्या कारखान्यात."

लोखंडाच्या तुकड्याला कानशीने काटकोन काढायचा होता. भिंगरीने वेळेच्या बऱ्याच आधी काढला. गुण्या लावून पाहिला, फटीतून उजेडाचा टिपूसही येत नव्हता. शेजारची डावखुरी मुलगी मात्र रडकुंडीला आली होती. झालं! भिंगरी उठली आणि सवयीने तिच्याजवळ जाऊन बसली.

"कॉपी करता?" परीक्षक गरजले. दोघींचे तुकडे जप्त, दोघी बाहेर.

डावखुरी दाराशीच राहिली, भिंगरी फाटकापाशी गेली. तिथे थांबलेल्या मावशीने हे ऐकून कपाळावर हात मारला. "अगं माझे आई! माझा नियम तिथे कशाला नेलास? चल, मी त्यांचे पाय धरते."

"कुणाचे पाय धरायचे नाहीत," भिंगरी म्हणाली. मान ताठ होती. "उठले ते चुकलं माझं. पण चोरी नाही केली. मीच बोलते."

ती तडक आत गेली. "सर, दोन्ही तुकडे खिडकीपाशी धरून बघा. माझ्या कानशीच्या रेघा एकीकडे कललेल्या आहेत, तिच्या दुसरीकडे. ती डावखुरी आहे ना! मी हात लावला असता तर तिच्या तुकड्यावर माझ्या रेघा दिसल्या असत्या."

परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तुकडे डोळ्यांजवळ नेले. पोरीचं म्हणणं खरं होतं.

"मग तिला सांगत काय होतीस?"

"काही सांगितलं नाही हो सर!" डावखुरी दारातूनच ओरडली. "नुसतं विचारत होती. गुण्या कुठल्या बाजूला टेकवलास? ती बाजू आधी सपाट केली होतीस का? मग माझी चूक माझी मलाच दिसली."

परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. मग तुकडे परत देत म्हणाले, "बारा मिनिटं उरलीत. जा जागेवर. आणि तू गं, स्टुलाला चिकटून बस!"

यादी लागली. भिंगरी सहावी, डावखुरी विसावी. भिंगरीच्या आईने यादी तीनदा वाचली, आणि तिथूनच कारखान्याच्या मुकादमाला फोन लावला. "माझी मुलगी कामाला येणार नाही," ती म्हणाली. तेही ठणकावून.

दुसऱ्या दिवशी मावशी स्टुलावर चढून नियमाखाली नवी ओळ लिहीत होती: 'परीक्षा सोडून.' ती खाली उतरली तोच दारातून एक अनोळखी मुलगी आत आली. तिने सगळा नियम वाचला, डस्टर उचललं आणि स्टुलावर चढून डाव्या हाताने तेवढी एकच ओळ पुसून टाकली.

मावशीने डोळे वटारले. "कोण गं तू?"

"विसाव्या नंबरची," ती म्हणाली, आणि स्टूल ओढून बसली.