ओळीतली पुढची जागा

मरणापुढे सगळी माणसं सारखी असतात, हे अगदी खरं आहे. अडचण मेल्यानंतर सुरू होते. आमच्या चर्चमागच्या दफनभूमीत पूर्वी झाडाखालच्या जागा बड्या घरांच्या असायच्या आणि बाकीच्यांची रवानगी खाली ओढ्याकडे व्हायची, जिथे मेलेल्या माणसालाही सर्दी व्हावी अशी ओल. एकदा एका जागेवरून दोन घरांतली माणसं पेट्या खांद्यावर घेऊनच भांडली. त्यातल्या त्यात पेट्यांमधली माणसं समजूतदार होती.

हा प्रकार कॅप्टननी बंद केला. ते कॅप्टन कधीच नव्हते. लढाईत ते मेलेल्यांना पुरणाऱ्या तुकडीत साधे शिपाई होते. पण लढाईवरून धडधाकट परत आलेला एकच माणूस गावाच्या वाट्याला आला होता आणि त्याला शिपाई म्हणायला गावाचं मन होईना. पुढे ते मंडळीचे वडील झाले, म्हणजे पाळकांच्या खालोखाल चर्चचा कारभार बघणारे. दफनभूमीचं काम त्यांनी मागून घेतलं. "मला दुसरं येतं काय?" म्हणाले.

आघाडीवर ते सुतळी ताणून ओळीत खड्डे घ्यायचे आणि जो येईल तो पुढच्या खड्ड्यात. मग तो कर्नल असो की आचारी. तोच नियम त्यांनी इथे लावला. जागा निवडायची नाही, राखायची नाही. बड्या घरांनी आदळआपट केली, पण ज्या माणसानं शेकडो पोरं पुरली त्याच्याशी खड्ड्यांवरून वाद घालायला तोंड कोणाला होतं? कबरी कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या सरळ रांगेत आल्या. पीठगिरणीवाल्याशेजारी त्याची वैरीण भावजय आली. तक्रार दोघांचीही आली नाही.

तक्रार शिंप्यानं केली. त्याची बायको गेली तेव्हा तिच्या शेजारची जागा आपल्यासाठी सोडा, एवढंच त्यानं मागितलं होतं.

"रुमाल टाकून जागा धरायला ही काय बस आहे?" कॅप्टन म्हणाले.

शिंपी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलेना. चर्चमध्ये त्यांच्या मागच्याच बाकावर बसायचा आणि क्षमेवर प्रवचन सुरू झालं की मोठ्यानं खोकायचा.

मग कॅप्टनची बायको आजारी पडली. पोटात काय झालं होतं ते डॉक्टरांनी तिला सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. अगदी शेवटी ती म्हणाली, "अहो, लढाईची सगळी वर्षं मी दिवा लावून एकटीच झोपले. आता पुन्हा नको. शेजारी याल ना?"

"बघतो," कॅप्टन म्हणाले. त्यांच्या घरात 'बघतो'चा अर्थ 'हो' असा होता.

ती गेली. कॅप्टननी सुतळी ताणली आणि तिला ओळीत पुढची जागा दिली. नवे तरुण पाळक त्यांच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "काका, शेजारची तुमच्यासाठी ठेवू या. कोण काय म्हणणार आहे?"

कॅप्टननी मान वर केली. समोर शिंपी टोपी हातात धरून उभा होता.

"नियम आहे," कॅप्टन म्हणाले.

नियम मोडायचा नाही आणि बायकोला दिलेला शब्दही मोडायचा नाही, म्हणजे वाट एकच उरली: गावात यापुढचं मरण आपलं असायला हवं. जीव देणं हे पाप. पण थंडीत स्वेटर न घालणं हे पाप आहे असं बायबलात कुठे म्हटलेलं नाही. कॅप्टन पहाटे गंजिफ्रॉकावर घंटा वाजवायला जाऊ लागले. छपराची कौलं त्यांनी भर पावसात वर चढून बदलली. परिणाम एवढाच झाला की त्यांना भूक चांगली लागू लागली.

तेवढ्यात शिंप्यानं अंथरूण धरलं. छाती भरली होती. डॉक्टर म्हणाले, या वयात सांगता येत नाही.

त्याच दिवशी कॅप्टन सूप घेऊन शिंप्याच्या दारात हजर. मग रोज. चूल पेटवायची, पाठ शेकायची, खिडकीच्या फटीत कापडाचे बोळे कोंबायचे, वेळेवर गोळ्या. गावाला गहिवरून आलं. पाळकांनी यावर एक अख्खं प्रवचन दिलं, वैऱ्यावर प्रेम करा म्हणून. पहिल्या बाकावर कॅप्टन खाली मान घालून बसले होते. लोकांना तो विनय वाटला.

शिंप्याला मात्र तसं वाटलं नाही. आयुष्यभर लोकांचे खांदे नुसत्या नजरेनं मापलेला माणूस तो.

"तुला माझी काळजी नाही," तो उशीवरून म्हणाला. "जागेची आहे."

"तोंड उघड. औषध."

"नाही उघडलं तर?"

"नाक दाबून पाजीन."

"मी मेलो की तुझ्या बायकोशेजारी झोपणार. तिचे कपडे जन्मभर मीच शिवले. गप्पांना विषय आहेत आमच्याकडे."

"गीळ आधी ते."

शिंप्यानं गिळलं. तोंड पुसलं. "माझी ती बघ, गिरणीवाल्याच्या भावजयीपलीकडे पडलीय. दुसऱ्या बाजूला कोण आलं, तर दारू पिऊन पुलावरून पडलेला तो गवंडी. घाबरट होती रे ती."

"माहीत आहे."

"तरी नाही म्हणालास."

"तेव्हा मला कळलं नव्हतं," कॅप्टन म्हणाले आणि वाटी धुवायला उठले.

शिंपी बरा झाला. कॅप्टनच्या सुपाचा गुण असेल किंवा त्यांना सुखासुखी मरू द्यायचं नाही हा त्याचा निश्चय असेल. काठी टेकत तो घराबाहेर पडला आणि गावात आता मरणपंथाला लागलेलं कोणीच उरलं नाही. कॅप्टन पुन्हा बिनस्वेटरचे हिंडू लागले.

आणि मग पाळकांच्या सासूबाई हवापालटासाठी आल्या. ठणठणीत बाई. आल्या दिवशी आमच्या विहिरीच्या पाण्याला नावं ठेवली, दुसऱ्या दिवशी पाळकांच्या प्रवचनाला, तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून अंग टाकलं ते उठल्याच नाहीत. नदीला पूर, पूल बंद, त्यामुळे त्यांना त्यांच्या गावी नेण्याचीही सोय नाही.

पाळक कॅप्टनकडे आले तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. "काका, आपण यांना ओळीबाहेर, भिंतीकडे ठेवू. त्या कुठे आपल्या मंडळीतल्या होत्या? तुमची जागा राहू दे."

दफनभूमीच्या फाटकाशी आठदहा माणसं जमली होती. पाळकांची बायको पदर तोंडाशी धरून उभी होती. आईला भिंतीकडे टाकणार हे ऐकून तिनं मान फिरवली.

शिंपी पुढे झाला. काठी चिखलात रुतत होती. "सोड लेका ती जागा," तो म्हणाला. "माझी हरकत नाही. सगळ्यांसमोर सांगतो."

कॅप्टन बायकोच्या कबरीकडे बघत राहिले. माती अजून पुरती बसली नव्हती. तिच्या शेजारी गवताचा एक पट्टा होता, माणसाएवढा.

"तुझ्या वेळी सोडली नव्हती," ते म्हणाले.

"म्हणून तर सांगतोय, मूर्खा."

कॅप्टननी खिशातून सुतळी काढली. एक टोक शिंप्याच्या हातात दिलं. शिंप्यानं ते क्षणभर धरून ठेवलं, मग शिवी हासडली आणि वाकून खुंटी ठोकली. दुसरं टोक कॅप्टननी स्वतः ताणलं. खड्डाही त्यांनीच खणला, कोणाला हात लावू दिला नाही. पाऊस पडत होता आणि कडा ढासळत होत्या, तरी खड्डा ओळीत आला.

पुढच्या बैठकीत मंडळीनं नियम रद्द केला. ज्यानं त्यानं आपली जागा आधीच ठरवावी असं ठरलं. शिंप्यानं बायकोच्या पायथ्याची मागितली, ती मिळाली. पाळकांनी विचारलं, "काका, तुमची कुठे धरायची?"

"आता कुठेही," कॅप्टन म्हणाले.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. तब्येत शेवटपर्यंत उत्तम होती.