ठिपक्यांतलं औषध

दोन हजार चारची गोष्ट. वडशाच्या रामाजी वैदूंचा आवाज पार बसला होता आणि दोन दिवसांवर गळ्याचं ऑपरेशन होतं. त्यातून उठलो नाही, तर भाजल्यावरचं औषध आपल्याबरोबरच जाणार, ही एकच चिंता त्यांना होती. गुरूची आणच होती तशी: फक्त वारसाला सांगायचं, तिसऱ्याच्या नजरेस पडू द्यायचं नाही. वारस म्हणजे लेक नंदिनी, पुण्याला कम्प्युटर शिकणारी. फोनवर यांची कुजबूज पोचेना आणि होस्टेलात पत्रं फोडून वाचत.

तिनंच वाट काढली. नाटकांची पोस्टरं करणाऱ्या जाहिदच्या स्टुडिओत तिनं एक प्रोग्राम पाठवला. जाहिदनं रामाजींचा फोटो कम्प्युटरवर घेतला.

"भाऊ, फोटो म्हंजे लाखो ठिपके. एकेकाचा रंग केसाएवढा हलवला, का त्यात तुमची अक्षरं बसते. डोळ्याले फरक दिसत नाई. अन् गुप्त शब्दाबिगर मलेई उघडता येत नाई."

तो दाराबाहेर पाठ करून बसला. रामाजींनी एका बोटानं दीड तास टाइप केलं, बापलेकीलाच ठाऊक असलेलं गुरूचं नाव कुलूप म्हणून घातलं आणि बटण दाबलं. पडद्यावर दोन फोटो आले, एक रिकामा, एक भरलेला. तोच चेहरा, तीच टोपी. देव चराचरात भरलाय पण दिसत नाही, हे कीर्तनात त्यांनी जन्मभर ऐकलं होतं, खंजिरीच्या तालावर मानही डोलावली होती. ते असं समोर येऊन बसेल, असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत नंदिनीचा फोन आला. "जाहिदभाऊ, फोटोत काईच नाई. अन् आबा इतके गोरे काऊन दिसून राह्यले?"

जाहिदनं जीभ चावली. पोस्टरवर प्रत्येक कलावंताला गोरं करायची हाताला सवय. ई-मेलनं पाठवता पाठवता भाऊंचा चेहराही त्यानं मायेनं उजळला होता. त्यात ठिपक्यांचे रंग बदलले आणि अक्षरं पुसली गेली.

"मले गोरं कराच्या नादात माहा गुरूच धुतला का रे?" शेजारी बसलेले रामाजी कुजबुजले.

"उजळाच्या आधीचा, भरलेला फोटो ठेवला हाये, भाऊ."

"मंग जसा आहो तसाच धाड. काळा."

तासाभरानं पुन्हा फोन. या वेळी रामाजींनीच तो कानाला लावला.

"भेटलं, आबा. पयली ओळ, आधी झाडाले हात जोड. बाकीचं बोलत नाई."

रामाजींनी फोन ठेवला. पडद्यावर त्यांचा सुरकुतलेला काळा चेहरा होता तसाच होता. त्यांनी टोपी सारखी केली आणि हात जोडले.

"सोताच्याच फोटोले, भाऊ?" जाहिद हसला.

रामाजींनी ओठांवर बोट ठेवलं, कीर्तनाला बुवा उभे राहिले की ठेवायचे तसं.