जसं लिहिलंय तसं

उर्वीने सोफ्यावर पाय वर घेतले आणि पुस्तकात बोट घालून ठेवलेलं पान उघडलं. बाबा पुन्हा एकदा बाल्कनीच्या दारापर्यंत जाऊन आला होता. दार उघडायचं, खाली वाकून बघायचं, परत यायचं, पंखा वाढवायचा, कमी करायचा. सकाळपासून हेच चाललं होतं.

"बाबा, बस ना रे. मस्त जागा आलीये."

"ऐकतोय मी. वाच तू."

"असं नाही. बसून."

केदार बसला, पण कडेला, केव्हाही उठता येईल असा.

बोटीवर नोकरीला असताना तो फोनवरून याच मालिकेतल्या पुस्तकांच्या गोष्टी तिच्याकडून ऐकायचा. पुस्तकं इंग्रजी, पण उर्वी सांगायची मराठीतून, चांगलं तिखटमीठ लावून. ग्रीकांचे जुने देव आता एका बंदराच्या शहरात राहतात. नशिबाचे धागे कापणाऱ्या तिघी बहिणी शिवणाचं दुकान चालवतात आणि समुद्राचा देव कंटेनर यार्डात खुर्ची टाकून सगळ्यांवर खेकसत बसतो. जलपरीची मुलगी नेरा मात्र त्याला अजिबात भीत नाही. उर्वीला हे इतकं खरं वाटायचं, की बाळकुम नाक्यावरच्या टेलरकडे आईचा ब्लाउज आणायला गेली तरी ती त्याच्या कात्रीपासून जरा लांबच उभी राहायची. हे ऐकून बाबा खो खो हसायचा. कधी कधी त्याच्या मागून आणखी एक हसू ऐकू यायचं.

"हा सम्यक. शहाडचा आहे. माझ्या हाताखाली इंजिनचं काम शिकतोय," बाबाने सांगितलं होतं.

या खेपेला बाबा ठरल्यापेक्षा बराच आधी घरी आला. सम्यकला समुद्राने नेलं, एवढंच उर्वीला कळलं. तेही आईबाबांचं स्वयंपाकघरातलं बोलणं कानावर पडलं म्हणून. तिच्यासमोर कुणीच विषय काढला नव्हता.

"थांबलीस का? वाच की," केदार म्हणाला.

नेरा आणि तिचा मित्र थिओ बंदराच्या धक्क्यावर धावत होते. मागे वादळ, पुढे खवळलेलं पाणी. सांगता सांगता उर्वीचा आवाज चढला, एक हात हवेत गेला. तिने पान उलटलं आणि तो हात तसाच राहिला. हे पुस्तक तिने आधी दोनदा वाचलं होतं. पण सांगण्याच्या भरात पुढे काय होतं ते विसरूनच गेली होती.

"थिओचा हात सुटला," ती म्हणाली. "आणि..."

"आणि काय?"

"आणि नेराने त्याला पकडलं. शर्टाला धरून. वर ओढलं."

केदारने हात पुढे करून पुस्तक घेतलं. त्याची नजर ओळींवरून खाली गेली, पुन्हा वर आली.

"इथे असं नाहीये."

"माहितीये."

"तो जातो."

उर्वी उशीचा कोपरा पिळत राहिली. "मला वाटलं, तुला नको असेल."

त्याने पुस्तक तिच्या मांडीवर परत ठेवलं. "जसं लिहिलंय तसं वाच."

"नको ना बाबा."

"वाच, बाळा."

तिने वाचलं. मराठीत करताना शब्द सापडेनात, तरी पान संपवलं. केदारने अर्ध्यात उठून पंखा बघितला नाही.

"मग त्या मुलाच्या घरी कोण सांगतं?"

उर्वीने पुढची पानं चाळली. "ते नाही दिलंय. पुढे डायरेक्ट युद्धच आहे."

"कुणीच जात नाही?"

"नाही."

केदार उठला. मग आत गेला आणि शर्ट बदलून आला.

"शहाडला जाऊन येतो. त्याच्या आईला अजून भेटलेलो नाही मी."

"मी येऊ?"

"नको," तो म्हणाला. पण लिफ्टचं दार धरून उभा राहिला, तिची चप्पल घालून होईपर्यंत.

कशेळीचा पूल, भिवंडीच्या ट्रकांची रांग, मग कल्याण. स्टीअरिंगवर केदारची बोटं सारखी वाजत होती. शहाडला तिसऱ्या मजल्यावरचं दार सम्यकच्या आईने, मेघनाताईंनी उघडलं. केदारने नाव सांगताच त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला.

"या. बसा. पाणी आणते."

"राहू दे, ताई."

"मग नीट सांगा," त्या म्हणाल्या. "कंपनीच्या ऑफिसातून फोन आलेला. पण तिथे जे होते, त्यांच्यापैकी कुणी बोललं नाही अजून."

आत गॅसवर काहीतरी उकळत होतं. मेघनाताई जाऊन तो बंद करून आल्या आणि केदारच्या अगदी समोर बसल्या.

"मी होतो तिथे," केदार म्हणाला. "मी हात धरलेला त्याचा."

पुढे काय येणार, ते उर्वीला ठाऊक होतं. बाहेर जिन्यात मुलं खेळत होती, दार अर्धं उघडंच होतं. ती उठून बाबाच्या शेजारी जाऊन बसली.