दीड मिलिमीटरने हुकलेला पंप

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. छप्पर नसलेली, दोनच माणसांची, लाल रंगाची. माझा जन्म सत्तर वर्षांपूर्वी इंग्लंडात झाला. एका साखर कारखान्याच्या इंजिनिअरसाहेबांनी मला कोल्हापूरला आणले. पन्हाळ्याच्या घाटातून मी निघाले, की लोक थांबून हात हलवायचे. पुढे साहेब वारले, मालक बदलत गेले आणि शेवटी माझ्या आसनांवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. मला त्याचेही वाईट वाटत नसे. निदान कोणी बसत तरी होते!

तिथून मला कल्लाप्पांनी कळंब्याला आणले. ते फाउंड्रीतले निवृत्त पॅटर्न मिस्त्री, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणारे कारागीर. घरामागच्या पत्र्याखाली चार वर्षे त्यांनी मला खोलले, घासले, रंगवले. राहिला फक्त पाण्याचा पंप. त्याच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कवचाला तडा गेला होता आणि तसे दुसरे कुठे मिळेना. पंपाशिवाय माझे इंजिन तापून निकामी झाले असते.

त्यांच्या पत्नीचा, अक्काताईंचा, धीर संपला.

"सोमवारी गवंडी येणार. इथं ऐश्वर्याला खोली बांधायची हाय," त्या म्हणाल्या. ऐश्वर्या त्यांची नात. "त्याच्या आत ही आपल्या पायानं मळ्यातल्या शेडात गेली तर ठेवा. न्हायतर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय मी."

"अगं, पंपच हाय की! जल्मभर हेच केलं."

घाईघाईत कल्लाप्पांनी जुन्या कवचाची भेग बुजवली आणि तेच वाळूत दाबून साचा केला. फाउंड्रीतले त्यांचे जुने सोबती केरबा यांनी त्यात बीड ओतले. दुसऱ्या दिवशी नवे कवच माझ्या इंजिनाला लावून पाहिले, तर बोल्ट भोकांत जाईनात. पंधरा सेंटिमीटरला दीड मिलिमीटर कमी!

बीड थंड होताना आकसते. म्हणून पॅटर्न मिस्त्रीची मोजपट्टी मुद्दाम तेवढी लांब केलेली असते. पण हातात मूळ वस्तूच होती, त्यामुळे कल्लाप्पांनी पट्टी काढलीच नव्हती.

केरबा पोट धरून हसले. "मिस्त्री, ह्याच चुकीपायी किती शिव्या घातल्या तुमी मला!"

"हस बाबा, हस. माझंच डोकं फिरलं."

"चारच दिस उरल्यात. भोकं कानशीनं वाढवू की. बसतंय."

मला धडकी भरली. कल्लाप्पांनी कवच उचलून भोकांवरून बोट फिरवले.

"बोल्ट बसतील रे, पण आतला पंखा कवचाला घासंल. न्हाय. हे परत भट्टीत टाक."

मग त्यांनी लांब पट्टी घेतली आणि सागवानाचा नमुना केला. प्रत्येक माप दोनदा घेतले. रविवारी सकाळी नवे कवच आले. एकेक बोल्ट बोटांनीच आत फिरला. इंजिन सुरू झाले, पाणी फिरू लागले. अक्काताई पदर खोचून खाली वाकल्या.

"गळत न्हाय व्हय?"

"न्हाय."

"मग बसू का मी?"

कळंबा तलावावरून आम्ही मळ्याकडे निघालो. किती वर्षांनी माझ्या काचेवर वारा आदळत होता! तापमानाचा काटा मधोमध स्थिर होता. माझ्या जिवात जीव आला.

मित्रांनो, जुनी वस्तू आवडणे सोपे असते. तिच्यासाठी मोजपट्टी हातात घ्या. आणि माप चुकलेच, तर ते कानशीने लपवू नका, पुन्हा ओता. आम्ही जुन्या वस्तू तेवढे थांबतो.