दिवसा झोपणाऱ्या घरातली उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. भिवंडीत, धामणकर नाक्याजवळच्या एका खोलीत राहते. माझा स्वभाव जरा सुस्त आहे, हे आधीच सांगून टाकते. पिंजाऱ्याने कापूस पिंजून मला भरलं, तेव्हा मी अशी गुबगुबीत होते की दुकानात येणारा प्रत्येक जण मला एक चापट मारूनच जायचा. नसीबा लग्न होऊन आली, तेव्हा तिच्यासोबत मीही या घरी आले.

तिचा नवरा सादिक लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, रात्रपाळी करतो. सकाळी आठला येतो, तो केसांत, भुवयांवर, कानांवर कापसाची रुई घेऊनच. चहा घेतला की माझ्यावर डोकं टेकतो. त्याची स्वप्नं मलाही अर्धीमुर्धी दिसतात. माग चालू असतात, पण आवाज मुळीच नसतो. पांढरं कापड निघत राहतं, दारातून, नाक्यावरून, पार खाडीपर्यंत. किती सुख होतं त्यात!

मग त्यांची मुलगी जोहा चालायला लागली आणि संपलंच सगळं. आता ती साडेतीन वर्षांची आहे. दूध सांडणं, पीठ उधळणं, भिंतीवर काजळाच्या रेघोट्या, बादलीत चपला! आणि अब्बा झोपलेले, म्हणून नसीबाला धड ओरडताही येत नाही. ती बिचारी कुजबुजत ओरडते. "जोहा! या अल्लाह, आत्ताच पुसलं होतं ना गं!" झाडूचा आवाज नको म्हणून सांडलेलं पीठसुद्धा ती ओल्या फडक्याने टिपून घेते. तरी सादिकची झोप मोडायचीच.

एकदा मागावरच त्याला डुलकी लागली आणि बोट चिरडता चिरडता वाचलं. त्या दिवशी नसीबाने आईला फोन लावला.

"अम्मी, ह्यांची झोप पुरत नाही. जोहाला काही महिने तुझ्याकडे ठेव. माझं काळीज तुटतंय, पण काय करू?"

संध्याकाळी तिने जोहाची बॅग भरली. जोहा भिंतीला टेकून नुसती बघत होती. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. नसीबा पाणी भरायला नळावर गेली. सादिकचं डोकं माझ्यावरून घसरलं होतं. जोहाने मला हळूच कोपऱ्यात ओढलं आणि उसवलेल्या शिवणीत हात घातला. अगं बाई, काय गुदगुल्या! बघता बघता माझं पोट निम्मं रिकामं. खोलीभर कापूस उडाला, खिडकीतल्या उन्हात तरंगत राहिला. मीही क्षणभर गुंगून गेले.

नसीबा दारात आली आणि बादली तिच्या हातातून सुटली. "जोहा!" इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच खणखणीत ओरडली. हातही उगारला. सादिक दचकून उठून बसला.

जोहाच्या केसांत कापूस, भुवयांवर कापूस, कानांवर कापूस. ती ओठ बाहेर काढून म्हणाली, "मी पण ड्युटीवरनं आले. मला पण झोप आली. ड्युटीवाल्यांना नानीकडे नाही ना पाठवत?"

नसीबाचा उगारलेला हात खाली आला. सादिकने जोहाला जवळ ओढलं.

"हिने मला जागं बघितलंय कधी?" तो म्हणाला. "कुठे नाही पाठवायची हिला. मी आलो की आधी हिच्याशी खेळेन, मग दोघं झोपू."

मित्रांनो, घरातल्या लहानग्याने पसारा केला तर जरूर चिडा, तो तुमचा हक्कच आहे. फक्त फडकं उचलण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, "काय खेळतोस रे?" आणि आम्हा उशांची शिवण वेळेवर घाला, एवढीच विनंती.

माझा निम्मा कापूस सापडलाच नाही. तेव्हा नसीबाने भरलेली बॅग उघडली आणि जोहाचे फ्रॉक एकेक करून माझ्या पोटात भरले. बटणं टोचतात म्हणून सादिक रोज कुरकुरतो, आणि तेवढ्यात जोहा त्याच्याआधी झोपूनही जाते.