वहीत सत्तर, अंगात पंच्याण्णव

ओलं फडकं, चार पदरी.

एकाच पायात चप्पल घातलेली बाई.

नखाएवढी वाटी.

सुट्टीच्या दिवशीही सत्तर.

मित्रांनो, मी एक जुनी रबरी रिंग आहे आणि वरच्या चारही गोष्टी माझ्याच आयुष्यातल्या आहेत. माझ्या अंगाचा एक तुकडा आता कापून नेलाय, त्यामुळे सांगतानाही तुकडे पडतात. सांभाळून घ्या.

रबराच्या कारखान्यात एक ताई साच्यापाशी उभी असायची. तिनं काळ्या रबराची वळी साच्यात घातली, दाब दिला आणि मी जन्मले. माझ्या काठावरचं फाजील रबर कातरून तिनं सगळीकडून बोट फिरवलं. म्हणाली, "जा बाई. सत्तर अंशांच्या वर कुणी तापवलं नाही, तर पाच वर्षं तुला मरण नाही."

तिथून मी धुलाईखान्यात आले. चादरी धुण्याच्या मोठ्या पिंपाच्या दाराला मला बसवलं. आतलं गरम पाणी बाहेर येऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

पिंपावर काका होते. रोज सकाळी ते ओल्या फडक्यानं मला पुसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "ही माझी लेक! एक थेंब सांडू देत नाही."

रबराला आणखी काय हवं असतं?

मग चादरी वाढल्या. सत्तर अंशांवर एका घाण्याला तास लागायचा. काकांनी बटण पिळलं. पंच्याण्णव. आता चाळीस मिनिटांत काम उरकू लागलं. मालक म्हणाले, "काका, तुमच्या हाताला यश आहे हो." काका हसले. त्या दिवशी त्यांनी मला जरा जास्तच मायेनं पुसलं.

दीड वर्ष मी रोज ते सोसलं. मी कडक होत गेले. काकांचं बोट आधी माझ्यात रुतायचं, ते रुतेनासं झालं. मित्रांनो, हे त्यांना कळत होतं. पुसता पुसता त्यांचं बोट एका जागी थांबायचं आणि पुढे जायचं.

एका दुपारी मी तडकले. घड्या घालणाऱ्या मावशी शेजारी उभ्या होत्या. कढत पाणी त्यांच्या डाव्या पायावर गेलं.

मावशींचं ओरडणं थांबायच्या आत काका म्हणाले, "रिंगच निकृष्ट! पहिल्यापासून मला शंका होती."

पहिल्यापासून. मी तिथेच लोंबकळत होते, ऐकत होते.

रबराच्या कारखान्याला तक्रारीचं पत्र गेलं. तिथल्या साहेबांनी ताईला सांगितलं, "तपासात रिंग वाईट निघाली, तर दुसरीकडे काम बघ."

म्हणून मी प्रयोगशाळेच्या टेबलावर आले. भोवती ताई, काका, आणि पायाला पट्टी बांधलेल्या, एकच चप्पल घातलेल्या मावशी. तपासणाऱ्या बाईंनी माझा कण कापला, नखाएवढ्या वाटीत ठेवला आणि हळूहळू तापवला. पडद्यावर एक रेष सरकू लागली. शहाण्णव-सत्याण्णवच्या आसपास तिला छोटासा उंचवटा आला.

"हे काय?" ताईनं घाबरून विचारलं.

"हिची आठवण," बाई म्हणाल्या. "या जातीचं रबर एकाच उष्णतेत फार दिवस राहिलं, की त्या आकड्याच्या जरा वर अशी खूण उरते. अंदाजच आहे, दोन-चार अंश इकडेतिकडे. पण सत्तर नव्हे."

"रबरच तसं असेल," काका म्हणाले.

बाईंनी दुसरी रेष दाखवली. ती माझ्या जुळीची होती, माझ्याच घाण्यातली, कपाटात पडून राहिलेली. तिची रेष तिथे सपाट होती.

"पण पाण्याच्या तापमानाच्या वहीत रोज सत्तरच आहे!" काकांनी वही पुढे सरकवली. मावशींनी ती ओढून घेतली, पानं उलटली.

"सुट्टीच्या दिवशीही सत्तर? पाणी काय घरी बसून तापलं?"

काका वही परत घ्यायला पुढे झाले. मावशींनी ती सोडली नाही.

"आठवड्याचे आकडे सोमवारीच टाकून मोकळे होता ना? आणि हिला लेक म्हणायचात. चांगलं लेकीच्या माथी मारलंत!"

ताई खुर्चीवर बसली आणि रडली. तिचं काम वाचलं.

मला मात्र आनंद झाला नाही. काकांच्या विरुद्ध मला बोलायचंच नव्हतं. मी बोललेही नाही. त्यांनीच माझ्या अंगात जे भरलं होतं, तेवढं बाहेर आलं.

मित्रांनो, तुमच्यासाठी राबणाऱ्या वस्तू वापरा, झिजवा, थकल्या की बदला. नुसतं पुसणं म्हणजे जपणं नव्हे. आणि आपली चूक त्यांच्या नावावर खपवू नका. त्यांना तोंड नसतं, पण सोसलेलं त्या विसरत नाहीत.

पहिल्या दिवशी मला दाराला बसवण्याआधी काकांनी आपले हात साबणानं दोनदा धुतले होते.