माझ्या खांद्यावरचा हात

मी बोलतेय. अहो, इकडे तिकडे काय बघता? भिंतीवर बघा! गाल गुलाबी, डोळे पाणीदार आणि अंगाला सुक्या बोंबलांचा वास. हिरोईन आहे मी, टॉकीजच्या बॅनरवरची.

जन्म वसईचा. शिडीवर चढून एका पेंटरनं मांजरपाटावर तेलरंगात मला काढलं. टॉकीजवर मी लागले की रिक्षावाले वेग कमी करायचे. काय रुबाब होता म्हणून सांगू! पुढे छापील फ्लेक्स आले आणि आम्हा हातानं रंगवलेल्यांची रवानगी मागच्या खोलीत झाली.

तिथून मला पाचूबंदरच्या शत्रुघ्ननं आणलं. तेलरंगाच्या कापडातून पाणी झिरपत नाही, हे त्या कोळ्याला बरोबर ठाऊक. सोबत त्याचा दोस्त ऑगस्टीन होता. बॅनर कापला गेला. हिरो ऑगस्टीनकडे, मी शत्रुघ्नकडे. त्याची बायको सत्यवती मला बघून अशी भडकली! "दुसरी बाय घरात आनलीस?" मग तिनंच मला सुक्या बोंबलांच्या ढिगावर पसरलं आणि वर दगड ठेवले.

पण कापताना घोळ झाला होता. माझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहिला. मनगटापर्यंतचा, बोटात जाड अंगठी. बाकी माणूस गायब! बोंबील घ्यायला आलेली प्रत्येक बाई विचारायची, "सत्यवती, कोनाचा गो यो हात?"

"हिच्या हिरोचा. दुसरा कोन ठेवील?"

मी लाजून चूर! पंचवीसेक वर्षं त्या हाताच्या भरवशावर मी ऊन सोसलं, वारा सोसला, ते मेले कावळेसुद्धा सोसले. बॅनरवर माझी नजर कायम समोर रस्त्यावर, त्यामुळे एकदा त्याला डोळे भरून बघायचं, एवढीच इच्छा होती.

मग एक दिवस व्हिक्टर आला. एव्हरशाईन सिटीत राहणारा हा माणूस सिनेमाची जुनी पोस्टरं आणि बॅनर जमवतो. पलंगाखाली पोस्टरं, कपाटावर पोस्टरं. त्याची बायको लुईझा म्हणते, "घरात आम्ही दोघं आणि नट दोनशे." तर हा आला बोंबील घ्यायला, आणि मला बघून त्याच्या हातातली पिशवीच पडली.

"मावशी, हिचा हिरो माझ्याकडे आहे! ऑगस्टीन अंकलच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर मिळाला. प्लीज, ही मला द्या ना!"

अगं बाई! माझी छाती अशी धडधडली की दगड गडगडले. (वारा होता, असं सत्यवती म्हणते. म्हणू दे.)

सत्यवती हटून बसली. "नि माझे बोंबील काय उघडे टाकू?" शेवटी नवी कोरी ताडपत्री ठरली, वर एक अट. "जोडशील तवा मला बोलव. यो हात मलापन बघायचाय."

रविवारी चर्चला जाऊन, मिस्सा आटोपून व्हिक्टरनं सोफा पॅसेजमध्ये काढला. सत्यवती नवी साडी नेसून आली, मागून शत्रुघ्न. लुईझानं माझ्यावर कपडा फिरवला. मला हॉलमध्ये पसरलं आणि शेजारी हळूहळू तो उलगडू लागला. आधी बूट, मग पट्टा, मग हनुवटी. काय देखणा हो! मी तर विरघळलेच.

आणि मग हात दिसले. एका हातात पिस्तूल, दुसऱ्या हातात टोपी. दोन्ही हात त्याचे त्याच्याकडेच!

व्हिक्टरचा चेहरा पडला. सत्यवती मात्र हसत हसत खालीच बसली. "अगो बाय माझे! मंग यो तिसरा कोन?"

"मधली पट्टी टॉकीजच्या डोअरकीपरनं नेली," शत्रुघ्न चहा फुंकत म्हणाला. "कैची त्याची व्हती. फुलपाड्याला ऱ्हायचा."

"इतकी वर्सं बोलला का नाय?"

"मला कोनी इचारला?"

आता मी हॉलच्या भिंतीवर आहे. शेजारी हा देखणा परका, मध्ये रिकामी जागा. व्हिक्टर दर रविवारी फुलपाड्याच्या गल्ल्या पालथ्या घालतो. दुःख वगैरे मुळीच नाही हं मला! उलट आनंदानं नुसती फुलून गेलेय. ज्याची इतकी वर्षं वाट बघितली, तो अजून भेटायचाच आहे!

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. फुलपाड्यात कुणाच्या टाकीवर, स्कूटरवर, माळ्यावर जुनं रंगीत कापड असेल, तर जरा झटकून बघा. एक हात नसलेला कुणी सापडेल. व्हिलन निघाला तरी चालेल. हिरोचा बाप निघाला, तर पाया पडेन. पण त्याला लवकर पाठवा, आणि सांगा, तुझा हात मी सांभाळून ठेवलाय.